नागिणीनंतरची आग आणि नैराश्याची गोळी

प्रश्न: माझ्या ७२ वर्षांच्या वडिलांना नागीण होऊन गेली. फोड सुकले, परंतु सदरा नुसता टेकला तरी बरगडीवर आग होते. डॉक्टरांनी रात्री अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम लिहून दिली आहे; मात्र ती नैराश्यावरची गोळी असल्याचे औषधाच्या दुकानात कळल्यापासून बाबा ती घ्यायला तयार नाहीत. काय करावे?

उत्तर १: नैराश्यासाठी हीच गोळी साधारणपणे ७५ ते १५० मिलिग्रॅमपर्यंत देतात. तुमच्या वडिलांना दिलेल्या अल्प मात्रेचा हेतू वेगळा आहे: मेंदूकडून मज्जारज्जूकडे जाणारे, वेदना दाबणारे संदेश तिने बळकट होतात. गुण यायला काही आठवडे लागतात.

उत्तर २: मला हिने झोप लागू लागली, पण तोंडाला कोरड पडते, उशाशी तांब्या ठेवावाच लागतो.

उत्तर ३: प्रोस्टेट, काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल, तर तो आधी डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण या वयात लघवी अडण्याची आणि रात्री उठताना तोल जाण्याची भीती अधिक असते. पर्याय म्हणून प्रीगाबालिन देतात, परंतु मूत्रपिंडे अशक्त असल्यास त्याचीही मात्रा घटवावी लागते.

प्रश्नकर्ता: बाबांची प्रोस्टेटची गोळी चालू आहे. ती पाकिटासह उद्याच डॉक्टरांना दाखवतो.