चंद्रावर गॅमा दुर्बीण: कामाची की नुसती हौस?

धरमपेठ_गॅमा: रविवारी रमण विज्ञान केंद्राबाहेर अर्धा राहिलेला वाद इथं पुढं नेतो. उच्च ऊर्जेच्या गॅमा किरणांसाठी चंद्राची जमीन उत्तम, असं माझं मत. हवा नाही, गॅमाचे फोटॉन (प्रकाशकण) थेट उपकरणावर. शिवाय फर्मी या नासाच्या अवकाशातल्या गॅमा दुर्बिणीला दक्षिण अटलांटिकवरच्या प्रारणपट्ट्यात मोजणी थांबवावी लागते, सुमारे 13 टक्के वेळ जातो. ती कटकट तिथं नाही.

महाल_चेरेन्कोव्ह: हवा नाही हीच तर अडचण आहे, भाऊ! क्रॅब नेब्युला या फुटलेल्या ताऱ्याच्या अवशेषातून 1 टीईव्हीच्या (लाख कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या) वरचे फोटॉन चौरस मीटरला वर्षाकाठी सहाएक येतात. लडाखमधल्या हानलेची 21 मीटरची मेस दुर्बीण गॅमा फोटॉन पकडतच नाही, तो हवेवर आदळल्यानं उमटलेला चेरेन्कोव्ह प्रकाश टिपते. तो लाखभर चौरस मीटरवर पसरतो, म्हणून तोच क्रॅब मिनिटाला एखादा फोटॉन देतो. चंद्रावर एवढं क्षेत्रफळ आणणार कुठून?

धरमपेठ_गॅमा: टीईव्ही मेसलाच राहू द्या. मी 1 ते 300 जीईव्हीबद्दल बोलतोय (हजार जीईव्ही म्हणजे 1 टीईव्ही).

महाल_चेरेन्कोव्ह: तिथं फर्मी 2008 पासून आहेच. तिच्या मुख्य उपकरणाचं वजन 2,789 किलो. आपलं विक्रम लँडर प्रज्ञान आणि इंधनासकट 1,752. काहून उतरवायचं?

धरमपेठ_गॅमा: कॅलोरीमीटर, म्हणजे ऊर्जा मोजणारा जड भाग, नेऊच नका, ते काम मातीच करेल. चंद्रमातीची रेडिएशन लेंग्थ (फोटॉनपासून कणांचा वर्षाव किती अंतरात वाढतो त्याचं माप) साधारण 15 सेंटीमीटर, दीड मीटर थरात दहा लेंग्थ होतात. मधे सिंटिलेटरच्या (कण गेला की चमकणाऱ्या) पाट्या पुरायच्या. मीटरभर खाली दिवसरात्रीचा तापमानफरकही जवळजवळ पोचत नाही. वर फक्त टंगस्टनचे पत्रे आणि सिलिकॉन पट्ट्यांचा, दिशा सांगणारा ट्रॅकर.

महाल_चेरेन्कोव्ह: आणि वैश्विक किरणांच्या माऱ्यानं माती स्वतःच गॅमा सोडते, त्याचं काय? फर्मीला चंद्र चमकताना दिसतो तो त्यामुळंच.

धरमपेठ_गॅमा: काही जीईव्हीच्या वर ती चमक झपाट्यानं घसरते. हा मुद्दा कच्चा आहे.

सदर_ध्रुव: दोघंही जागा विसरलात. चंद्राच्या विषुववृत्तावर 27.3 दिवसांत आकाश फिरून येतं, पण रात्र 14 दिवसांची. फर्मीच्या उपकरणाचे 650 वॅट धरले तर 218 किलोवॅट-तास लागतात. किलोला 200 वॅट-तासांची बॅटरी घेतली तरी टनापेक्षा जास्त. ऊन हवं म्हणून दक्षिण ध्रुवावर जाल, तर क्रॅब क्षितिजापासून जेमतेम सव्वा अंश वर, आकाशगंगेचं केंद्र साडेपाच अंश. मातीतलं कॅलोरीमीटर तर फक्त वर बघणार! डोक्यावर मोठा मॅगेलॅनिक मेघ ही शेजारची दीर्घिका मिळेल, एवढंच.

धरमपेठ_गॅमा: ट्रॅकर तिरपा लावू.

सदर_ध्रुव: मग वर्षाव मातीत उतरणारच नाही, बाजूनं निघून जाईल. ऊर्जा कशी मोजाल?