तालुक्याच्या कोर्टातले वकील : अशील, कारकून, ज्युनिअर आणि घरच्यांच्या आठवणी

तालुक्याच्या कोर्टात उभी हयात घालवलेल्या वकिलाचे नाव निवाड्यांच्या छापील संग्रहांत सापडत नाही, कारण तिथे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांचे निकाल येतात. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यांच्यापुढे झालेला उलटतपास त्या कोर्टाच्या रेकॉर्डातच राहतो. आज हयात नसलेल्या अशा वकिलांचे काम ज्यांनी जवळून पाहिले, त्यांनी ते इथे लिहावे ही विनंती. नावे देऊ नयेत. गौरवाच्या विशेषणांपेक्षा ते काम कसे करीत, हे सांगितलेत तर अधिक मोलाचे ठरेल.

सातारा जिल्हा, वकिलांचे कारकून

मॅट्रिकनंतर मी साहेबांकडे लागलो आणि ते वारले तेव्हाही त्यांच्याच टेबलाशी होतो. त्यांची निम्मी वकिली कुळकायद्याची होती. 1948 च्या त्या कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीमुळे 1 एप्रिल 1957 या कृषक दिनी जमीन कसणारे कूळ मालक मानले गेले आणि कलम 32-ग खाली किंमत ठरवण्याच्या चौकशा शेतजमीन न्यायाधिकरणापुढे वर्षानुवर्षे चालत राहिल्या. मालकीण विधवा असेल तर मात्र कुळाचा खरेदीचा हक्क पुढे ढकललेला असे, आणि तिच्या पश्चात ठरलेल्या मुदतीत कुळाने नोटीस दिली नाही तर बापजाद्यांपासून कसलेली जमीन हातची जाण्याची वेळ येई. कधीतरी सल्ला विचारून गेलेल्या अशा कुळांची साहेबांनी एक वही ठेवली होती. बाजारच्या दिवशी एखाद्या गावची म्हातारी वारल्याचे कानावर आले की ते मला वही काढायला सांगत आणि त्या गावच्या माणसाजवळ निरोप धाडत. त्यातले काही जण नोटीस लिहून घ्यायला दुसऱ्याच वकिलाकडे जात. साहेब एवढेच विचारीत, "मुदतीत दिली ना?"

दावा टाईप करायला देण्याआधी ते चतुःसीमा अशिलाला मोठ्याने वाचून दाखवीत. पूर्वेस ओढा, दक्षिणेस अमक्याचा गट, असे ऐकताना अशील जरासा जरी अडखळला तरी कागद बाजूला ठेवीत आणि रविवारी स्वतः बांधावर जाऊन उभे राहत. साक्षीदार उलटतपासात नेमका सीमेवरच घसरतो, असे त्यांचे सांगणे होते. एका मनाईच्या दाव्यात जुन्या खरेदीखतावरून उतरवलेली उत्तरेची सीमा जागेवर जुळेना, तेव्हा त्यांनी तूर्तातूर्त मनाईचा अर्ज थांबवून आधी सरकारी मोजणी आणायला लावली. अशील फार रागावला. मोजणीत बांध सरकलेला निघाला, पण सरकवला होता तो आमच्याच अशिलाच्या बाजूने! पुढे ते प्रकरण कोर्टात न जाता दोन्ही भाऊबंदांत मिटले.

बीड जिल्हा, वकिलांची मुलगी

वरच्या आठवणीतले कुळांचे खटले आमच्याकडेही होते, पण आमचा कायदा वेगळा, 1950 चा हैदराबादचा. बाबांचे शिक्षण उर्दूतून झाले होते. सप्टेंबर 1948 मध्ये निजामाचे राज्य संपेपर्यंत आमच्याकडच्या कोर्टांचे कामकाज उर्दूत चाले, त्यामुळे मराठीत कैफियत लिहिणे ही बाबांना ऐन उमेदीत नव्याने शिकावी लागलेली गोष्ट होती, आणि ते ती शेवटपर्यंत आधी मनात जुळवून मगच कागदावर उतरवीत. लोक इनामाचे मुंतखब म्हणजे मंजुरीचे दाखले, साऱ्याच्या पावत्या, जुनी खरेदीखते फडक्यात बांधून आणीत. बाबा ते कागद ओळीवर बोट ठेवून वाचत आणि फसली साल, म्हणजे निजामाच्या काळचे महसुली वर्ष, आले की समासात पेन्सिलीने इसवी सन लिहीत, 1350 फसली असेल तर 1940-41. औरंगाबादला 1981 साली उच्च न्यायालयाचे कामकाज सुरू होईपर्यंत अपिलासाठी मुंबई गाठावी लागे. अशिलाला गाडीत बसवताना बाबा त्याच्याजवळ तिथल्या वकिलांसाठी पाकीट देत, त्यात उर्दू कागदांचा गोषवारा आणि कोणता कागद कशासाठी दाखल केला आहे याचे टिपण असे. ते गेल्यानंतरही लोक कागद घेऊन आमच्या ओसरीवर येत राहिले. मला उर्दू येत नाही, याची खंत त्या दिवसांत फार जाणवली.

डिचोली, गोवा, वकिलांची नात

आजोबांनी वकिली पोर्तुगीज भाषेत सुरू केली आणि 1961 नंतर इंग्रजीत पुढे चालवली. नागरी संहिता मात्र पोर्तुगिजांची तीच राहिली, म्हणून त्यांच्या इन्व्हेंटरीच्या कामात फारसा फरक पडला नाही: मृताच्या मालमत्तेची यादी करायची, हयात जोडीदाराचा अर्धा वाटा बाजूला काढायचा आणि उरलेल्यात मुलगे व मुली यांना सारखे वाटे पाडायचे. एकाच घरावर दोन भावंडांचा डोळा असला तर वारसांतच बोली लागते. आजोबा त्याआधी सर्वांना एकत्र बसवून विचारीत, की या घरात उद्यापासून राहणार कोण.

सोलापूर जिल्हा, पक्षकार

आमचा वाटपाचा दावा वडिलांनी लावला आणि हुकूमनामा माझ्या हाती आला. आमच्या वकिलांनी तारखा फार घेतल्या, हे ते हयात नसले तरी मी लिहिणार, कारण त्या तारखांनी आमच्या घरातली माणसे झिजली. पण हुकूमनाम्यानंतर शेतजमिनीचे सरसनिरस, म्हणजे जमिनीचा कस पाहून, वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, आणि बहुतेक वकील तिथे हात झटकतात. हे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ मोजणीदाराबरोबर भर उन्हात शेतात फिरले आणि विहिरीकडे जाणारी वाट नकाशात आखून घेतल्याखेरीज तिथून हलले नाहीत. ती वाट आज आमची मुले वापरतात.

सांगली जिल्हा, ज्युनिअर वकील

भाऊ हक्कसोडपत्र करून घ्यायला बहिणीला घेऊन आले की सर सर्वांना बाहेर बसवीत, मला थांबायला सांगत आणि तिला विचारीत, "ताई, तुमचा वाटा किती होतो ते ठाऊक आहे का?" 1994 मध्ये महाराष्ट्राने, आणि 2005 मध्ये केंद्राने, मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, हे ते तिला तिच्याच सातबाऱ्यावर बोट ठेवून समजावीत. बहुतेक जणी तरीही सही करीत. काही जणी मात्र "घरी जाऊन सांगते" म्हणून उठत आणि परत येत नसत. त्या दिवशीची फी सरांनी भावांकडून कधीच घेतली नाही. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे खंडपीठ व्हावे म्हणून सहा जिल्ह्यांतील वकिलांनी केलेल्या आंदोलनात सर तरुणपणापासून होते. 18 ऑगस्ट 2025 रोजी तिथे उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे, म्हणजे फिरत्या पीठाचे, काम सुरू झाले, तेव्हा ते आपल्यात नव्हते. तिथे पहिले अपील दाखल करताना त्यांनी खालच्या कोर्टात घेतलेला उलटतपास मी पानापानाने वाचला, आणि माझ्या युक्तिवादाला लागणारे प्रत्येक उत्तर त्यात त्यांनी आधीच काढून ठेवलेले होते.

वर्धा जिल्हा, वकिलांचा मुलगा

वकील वारला की त्याचे वकीलपत्र संपते आणि पक्षकाराला नवे दाखल करावे लागते. वडील गेले तेव्हा आई आणि मी त्यांच्या डायरीतल्या पुढच्या तारखांप्रमाणे फायली लावल्या आणि जवळची तारीख असलेल्यांना आधी निरोप दिले. चालू प्रकरणांचे कागद पावती घेऊन परत गेले. अडचण आली ती निकाली फायलींची, कारण त्यांत मूळ खरेदीखते आणि मृत्युपत्रे निघाली, अशील केव्हाच वारलेले होते आणि वारस गाव सोडून गेले होते. रद्दीवाल्याला आम्ही एकही फाईल दिली नाही. गाव आणि गट नंबर यांनुसार यादी करून ते सर्व कागद वकील संघाच्या खोलीतील कपाटात ठेवले आहेत. आपले आजोबा-पणजोबा वर्ध्याच्या कोर्टात पक्षकार होते असे ज्यांना ठाऊक असेल, त्यांनी ओळखीचा पुरावा घेऊन यावे आणि यादी पाहावी.