भाऊ (२३) निवासी संस्थेत आहे, व्यवसायोपचार सुरू करायचाय. महिना ५ हजारांत काय जमेल?

कळवेकरीण
नमस्कार. धाकट्या भावाला ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता आहे. आई गेल्यावर त्याला बदलापूरजवळच्या निवासी संस्थेत ठेवलं. माणसं चांगली आहेत, पण मुलं पंचवीस आणि सकाळच्या पाळीला मावश्या दोन. घरी तो हातानं जेवायचा, दात घासायचा. आता घास भरवतात, कपडे चढवून देतात. टी-शर्टची कॉलर सतत तोंडात. संस्थेत ओटी (व्यवसायोपचार करणारा, रोजची कामं स्वतः करायला शिकवणारा थेरपिस्ट) नाही, बाहेरून आणलात तर हरकत नाही म्हणतात. बजेट महिना ५ हजार, वर एक रुपया नाही. दर आठवड्याला थेरपिस्ट पाठवू, की झोपाळा वगैरे सामान घेऊन देऊ? घरी तो तासन्‌तास झोपाळ्यावर असायचा.

घोडबंदरवाला
आम्ही लेकासाठी घरात सेन्सरी रूमच केली. बोलस्टर स्विंग (लोडासारखा झोपाळा), बॉल पूल, भिंतीवर चढायला हँडल्स. दीड लाख गेले, पण येणारा प्रत्येक जण विचारतो कुठून केलंत. ५ हजारांत काही होत नाही हो, स्पष्टच सांगतो.

मासुंदाकाठी
फिजिओ लावा, स्वस्त पडतो. आणि कोणीही लावा, आधी आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नंबर बघा. आमच्याकडे एक जण सहा महिने पैसे घेऊन गेला, मग कळलं कसला तरी ऑनलाइन कोर्स केलेला.

ओटी_नेरूळ
मी ओटी आहे म्हणून सांगते. ओटींची नोंद आरसीआयमध्ये होत नाही. स्पेशल एज्युकेटर, स्पीच थेरपिस्ट यांची होते. आमच्यासाठी महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी बघा. आणि इथे चाल किंवा सांध्यांचा प्रश्न नाही, रोजच्या कामांचा आहे. फिजिओ कशाला?

मासुंदाकाठी
दोन्ही एकच परिषद ना मग? तेच म्हणत होतो मी.

पनवेलची_आजी
वेटेड ब्लँकेट घ्या, म्हणजे मुद्दाम जड केलेलं पांघरूण. नातीसाठी ऑनलाइन मागवलं. नऊ किलोचं आलं, मे महिन्यात. पोर खालून निघेना, घामानं भिजली, सून माझ्यावर चिडली. पण वस्तू चांगली आहे.

ओटी_नेरूळ
आजी, जे पांघरूण मुलाला स्वतःचं स्वतः काढता येत नाही ते घालूच नये. संस्थेत रात्री पंचवीस मुलांमागे एक माणूस असताना तर नाहीच.

दगडी_शाळा
वाशीला महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, तिथे न्या. सगळं मिळतं.

घोडबंदरवाला
अहो मुलगा बदलापूरला आहे! वाशीला रोज कोण नेणार? धागा वाचत जा.

दगडी_शाळा
तुम्ही बजेट वाचलंत का आधी?

खारघर_सेक्टर१२
एकदाच नीट तपासणी करून घ्यायची असेल तर खारघरला एनआयईपीआयडीचं (बौद्धिक अक्षमतेसाठीची केंद्र सरकारची संस्था) प्रादेशिक केंद्र आहे. बाकी, तो १८ च्या पुढे आहे. नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली (ऑटिझम, बौद्धिक अक्षमता वगैरे असलेल्यांसाठीचा) कायदेशीर पालकत्व केलंत का? अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे जातो. आणि नॅशनल ट्रस्टचा निरामय आरोग्य विमा आहे ना? एक लाखापर्यंत कव्हर, त्यात थेरपीसाठीही ठरावीक रक्कम मिळते.

कळवेकरीण
पालकत्व झालंय. निरामयमधून थेरपीचे पैसे मिळतात हे माहीत नव्हतं, धन्यवाद. पण मूळ प्रश्न?

अंबरनाथकर
ठाण्याहून ओटी दर आठवड्याला बदलापूरला या पैशात येणार नाही. लोकलचा तास, पुढे रिक्षा, दुपार संपली. अंबरनाथ-उल्हासनगरमध्ये शोधा.

ओटी_नेरूळ
आठवड्याला नकोच. मी तासभर त्याच्यासोबत बसून निघून आले तरी उरलेला आठवडा मावश्यांचाच. महिन्यातून एकदा, तेही सकाळी आंघोळ-नाश्त्याच्या वेळेला माणूस बोलवा आणि मावश्यांना शिकवायला सांगा. एकच काम धरा. समजा टी-शर्ट. डोकं आणि हात मावशीनं घालून द्यायचे, खाली ओढायचं काम फक्त त्याचं. ते जमलं की एक हात त्यानं घालायचा, असं शेवटाकडून मागे येत जायचं. काम पूर्ण झाल्याचं समाधान दर वेळी त्याला मिळतं, आणि मावशीचा जेमतेम अर्धा मिनिट जास्त जातो. "करून दिलं की लवकर आटपतं" म्हणूनच मुलं विसरतात, मावश्यांचा दोष नाही.

जेवणाला कड असलेलं ताट, खाली ओला नॅपकिन म्हणजे सरकत नाही. चमचा निसटत असेल तर दांड्याला फोमची नळी. हार्डवेअरवाल्याकडे किरकोळीत मिळते.

कॉलर चावतो, तर आधी दात दाखवा. बोलून न सांगणाऱ्या मुलात दाढदुखी अशीच दिसते. दात ठीक असतील आणि गिळायला त्रास नसेल तर चावायला कडक काहीतरी द्या, गाजर, खाकरा.

झोपाळा आत्ता नको. झुलण्यानं शांत होईल, पण त्यानं बटण लावता येत नाही. शिवाय पंचवीस मुलांत एक झोपाळा म्हणजे रोज भांडण.

अंबरनाथकर
+१. झोपाळा नको.

पनवेलची_आजी
झोपाळा नकोच. पडतात मुलं.

मासुंदाकाठी
मी आधीच म्हणणार होतो, सामानात पैसे घालू नका.

खारघर_सेक्टर१२
२३ व्या वर्षी कामाची सवय बघा. कपड्यांच्या घड्या, भाजी निवडणं. संस्थेच्या स्वयंपाकघरात बसू देतात का?

कळवेकरीण
सगळ्यांचे आभार. दात दाखवले, मागची एक दाढ किडली होती. टी-शर्टचं मावश्यांशी बोलले. एक हो म्हणाली, दुसरी "ताई, तुम्ही सकाळी सातला येऊन बघा" म्हणाली, तेही खरंच आहे. थेरपिस्टचं दिवाळीनंतर बघेन.

झोपाळा मात्र नेतेय. घरचाच सागवानी आहे, सुताराला आणि टेम्पोला द्यायचे तेवढेच पैसे. काही शिकावं म्हणून नाही, त्याला आवडतो म्हणून. संस्थेनं व्हरांड्यात जागा दिलीय.

ओटी_नेरूळ
बरं. त्याला फिट्स येतात का? छताला साधा हुक नको, स्लॅबमध्ये अँकर बोल्ट घाला, वजन दोन मोठ्या माणसांचं धरा. खाली फरशी असेल तर जाड मॅट. आणि पाळ्या लावून द्या, नाहीतर तुमचाच भाऊ बाजूला राहील.

कळवेकरीण
फिट्स नाहीत. मॅटचं लक्षात नव्हतं, घेते.

घोडबंदरवाला
आमचा बोलस्टर स्विंग आता वापरात नाही. नवा बावीस हजारांना घेतला होता, तुम्हाला आठ हजारांत देतो. घेऊन जायची सोय तुमची.