बंद टॉकीजची केबिन: इमारतीचं वय कशावरून ठरवायचं?

बालाघाटी:
धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची टॉकीज पुढच्या महिन्यात पाडणार आहेत. मालकांनी आत जायला, फोटो काढायला परवानगी दिली आहे. वाचनालयाच्या स्मरणिकेत तिच्यावर चार पानं द्यायची आहेत, पण ती बांधली कधी यावरच गावात एकमत नाही. कुणी निजामाच्या काळातली म्हणतं, कुणी पोलीस अॅक्शननंतरची, तर कुणी साठच्या पुढची.

केबिनमध्ये सिनेमा दाखवायची हिरव्या रंगाची दोन मशीन आहेत. प्रत्येकामागे पत्र्याची पेटी आणि तिचं धुराडं थेट छपराबाहेर. समोरच्या भिंतीत चार भोकं, प्रत्येकावर तारेला अडकवलेली लोखंडी पट्टी. शेजारच्या खोलीत हाताने फिरवायचं टेबल. जिन्याखालच्या कपाटात फांद्या फुटल्यासारखा मोठा काचेचा फुगा. दोन लेन्स आणि डबाभर फिल्मचे तुकडे. तिकीटखिडकीवर दराची पाटी, बऱ्याचदा रंगवलेली. यातलं काय पुरावा म्हणून चालेल आणि आधी काय उचलावं?

कार्बनजोडी:
धुराड्यापासून सुरुवात करा. मागच्या पेटीला लॅम्पहाऊस म्हणतात. दार उघडल्यावर समोरासमोर दोन चिमटे दिसले तर कार्बनचा आर्क, म्हणजे दोन कार्बन कांड्यांच्या टोकांमध्ये पेटणारी विजेची ज्योत. काचेचा एकच लांबट दिवा बसवायची सोय असेल तर झेनॉन. धुराडं दोघांनाही लागतं, कारण झेनॉनभोवती ओझोन तयार होतो, तेव्हा नुसत्या धुराड्यावरून काही ठरवू नका. पेटीच्या तळाशी बॅटरी मारा. मोहरीएवढे तांब्याचे मणी दिसले तर तिथे कार्बन जळलाय हे नक्की. पॉझिटिव्ह कांडीवर तांब्याचा मुलामा असतो, तो वितळून ठिबकतो. तेच शिंतोडे मागच्या आरशावर उडतात आणि काचेला बारीक खड्डे पडतात.

थोटकं मिळाली तर जाडी मोजा. ७ मिमी पॉझिटिव्ह आणि ६ मिमी निगेटिव्ह म्हणजे साधारण ४० ते ५० अँपिअरचा आर्क. ८ आणि ७ मिमीची जोडी असेल तर ६० ते ६५ अँपिअर, म्हणजे पडदा मोठा. दोन टोकांमधलं अंतर वाढलं की उजेड मंदावतो, आर्क तुटतो आणि पिटातून शिट्ट्या सुरू. फार जवळ आणलं तर ज्योत भडकते आणि आरसा खराब होतो.

दोन मशीन लागायची ती रिळामुळे. फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, म्हणून २००० फुटांचं रीळ २२ मिनिटांत संपतं. अडीच तासांचा सिनेमा साडेतेरा हजार फूट, म्हणजे अशी सात रिळं. रीळ संपायला सुमारे आठ सेकंद उरले की चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका येतो, तेव्हा दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. सेकंदभर उरताना दुसरा ठिपका, तेव्हा पहिल्याचा उजेड बंद, दुसऱ्याचा खुला, आवाजही तिकडे. गावोगाव फिरून आलेल्या प्रिंटची टोकं तुटलेली असत आणि ठिपके त्यांच्याबरोबर गेलेले असत. मग ऑपरेटर सुईने कोपऱ्यात स्वतःची खूण ओरखडे. असे तुकडे तुमच्या डब्यात निघतील.

काचेचा फुगा म्हणजे मर्क्युरी रेक्टिफायर. आर्कला डीसी लागतो, तो एसीतून करून देणारा. तळाशी पारा असतो. तिरपा करू नका, एकट्याने उचलू नका, फुटला तर झाडू मारू नका. वीज येण्याआधीची टॉकीज ऑइल इंजिन आणि डायनामोवर चाले. त्यामुळे आवारात बोल्ट वर आलेला सिमेंटचा चौथरा आहे का बघा. असेल तर इमारत विजेच्या आधीची असू शकते.

भिंतीतल्या लोखंडी पट्ट्या नायट्रेट फिल्मच्या, म्हणजे जुन्या, झटकन पेटणाऱ्या फिल्मच्या आगीसाठी असत. नायट्रेट स्वतःच्याच ऑक्सिजनवर जळतं, पाण्याखालीसुद्धा विझत नाही. कोडॅकने ते १९५१ मध्ये बंद केलं. त्यामुळे तुमची केबिन त्याआधीची असावी.

पडद्यामागे:
पट्ट्यांच्या बाबतीत असहमत. नायट्रेट गेलं तरी परवान्याच्या अटी तशाच राहिल्या. केबिन अग्निरोधक, भोकांना पडणारी झडप, रीळ गुंडाळायला वेगळी जागा हे सगळं नंतरच्या, सहज न पेटणाऱ्या सेफ्टी फिल्मच्या काळात बांधलेल्या टॉकीजमध्येही आहे. त्यावरून १९५१ची रेघ ओढता येणार नाही.

मशीनवरची कंपनीची पाटीही जपून वापरा. एका कंपनीचं, म्हणजे सिम्प्लेक्सचं डोकं आणि दुसरीचं, फोटोफोनचं साउंडहेड (फिल्मवरचा आवाज वाचणारा भाग) अशा जोड्या सर्रास असत, आणि तालुक्याला बरीच मशीन मोठ्या शहरातून वापरून आलेली. पाटी मशीनचं वय सांगते, भिंतीचं नाही. मात्र टॉकीज कधीपर्यंत चालली ते साउंडहेडवरून कळेल. आत आवाजाच्या पट्टीवर उजेड टाकणारा साधा पिवळा एक्सायटर दिवा असेल तर जुनी पद्धत. लाल एलईडी बसवलेला असेल तर नव्वदीच्या अखेरीनंतर कुणीतरी खर्च केलाय. वरच्या स्पूलखाली डीटीएस या डिजिटल आवाजाच्या पद्धतीचा छोटा रीडर आहे का तेही बघा.

खरी गंमत लेन्समध्ये आहे. पडदा गेला असला तरी त्याची रुंदी काढता येते. लेन्सवरचा आकडा मिलिमीटरमध्ये घ्या. केबिनच्या भोकापासून पडद्याच्या भिंतीपर्यंतचं अंतर मीटरमध्ये मोजा. त्या अंतराला २१ने गुणून लेन्सच्या आकड्याने भागा, साध्या चित्राची रुंदी मीटरमध्ये मिळेल. २१ म्हणजे फिल्मवरच्या चित्राची मिलिमीटरमधली रुंदी. सिनेमास्कोपच्या, म्हणजे रुंद पडद्याच्या चित्राच्या लेन्ससाठी उत्तर दुप्पट करा, कारण पुढे लावायची जोडभिंग चित्र आडवं दुप्पट ताणते. मग पडद्याच्या कमानीचं माप घ्या आणि ताडून बघा. कमानीमागे पंधरा-वीस फूट खोली आणि बाजूला रंगपटासारख्या खोल्या असतील तर मूळ नाट्यगृह असण्याची शक्यता मोठी.

एक सूचना: केबिनच्या आत करड्या पत्र्यांचं अस्तर असेल तर ते अॅस्बेस्टॉस समजा. खिळे उपटू नका, तुकडे करू नका.

दप्तरी:
मशीन नंतर. आधी दराची पाटी. तिरपी बॅटरी धरून फोटो काढा, खालच्या रंगाचे उंचवटे सावलीत दिसतात. दर आण्यांत असतील तर तो थर १ एप्रिल १९५७ आधीचा. 'नये पैसे' लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४ मधला, कारण १ जून १९६४ पासून 'नये' गळलं. धाराशिव हैदराबाद संस्थानात होतं, म्हणून 'हाली' (निजामाचं नाणं) किंवा 'कलदार' (इंग्रजी रुपया) असा शब्द दिसला तर सोनं सापडलं समजा. थर खरवडू नका. पाटी भिंतीवरच रंगवलेली असेल तर तिचा पुरावा सर्वांत भक्कम. लाकडी फळी असेल तर ती आधीच्या तंबूतूनही आलेली असू शकते.

कागदांसाठी जिल्हाधिकारी कार्यालयात सिनेमा परवाना आणि करमणूक कराच्या जुन्या फायली विचारा. करमणूक कर १ जुलै २०१७ला जीएसटीत गेला, तेव्हा त्या शाखेचं दप्तर अभिलेखागारात हलवलं असणार. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांचा, पण उत्तराची मुदत ३० दिवस आणि तुमची टॉकीज पुढच्या महिन्यात जाणार. म्हणून प्रतींऐवजी अभिलेख पाहणी मागा, आणि टॉकीजचं नाव, गाव, सर्व्हे नंबर तिन्ही लिहा, नुसत्या नावाने फाईल सापडत नाही. १९४८ आधीचे कागद उर्दूत असतील, वाचणारा आधीच गाठून ठेवा.

मॅनेजरच्या खोलीत डीसीआर, म्हणजे रोजच्या गल्ल्याचे तक्ते असतील तर ते गठ्ठ्याने उचला. त्यात वर्गवार तिकिटं, कर आणि वितरकाचा हिस्सा असतो. मराठवाडा वितरणाच्या हिशेबात निजाम सर्किटमध्ये येतो, त्यामुळे पत्रव्यवहार हैदराबादच्या पत्त्यांवर दिसला तर चक्रावू नका. फिल्म्स डिव्हिजनच्या पावत्याही निघतील. न्यूजरीलसाठी टॉकीजकडून गल्ल्याचा एक टक्का घेत.

बालाघाटी:
सगळ्यांचे आभार. मापं घेतली. अंतर २७ मीटर. लेन्स ९५ आणि ११०. दुसरीवर जोडभिंग बसवायची कडी आहे. हिशेब ५.९७ आणि १०.३ मीटर येतो. पण कमान ११ मीटर रुंद आहे, आणि दोन्ही बाजूंची साधारण सव्वादोन मीटरची बांधणी वेगळी दिसते. मधल्या भागाची कड चुन्यात, बाजूंना सिमेंट. पाटी भिंतीवरच रंगवलेली आहे, खालच्या थरात 'आ' स्पष्ट दिसतो, पुढचा आकडा नाही. पेटीत तांब्याचे मणी सापडले. चौथराही आहे, चार बोल्टचा.

पडद्यामागे:
मग मूळ कमान साडेसहा मीटरची होती आणि तीत सहा मीटरचं साधं चित्र बरोब्बर बसतं. बाजू फोडल्या त्या स्कोपसाठी. आपल्याकडचा पहिला स्कोप चित्रपट 'कागज के फूल' १९५९चा, त्यामुळे फोडकाम त्यानंतरचं. उंचीही ताडून बघा. दोन्ही लेन्सना साधारण ४.३ मीटर यायला हवी, मग मधल्या भिंतीचा वरचा काठ त्याच रेषेत सापडेल. चुन्याच्या आणि सिमेंटच्या सांध्याचा पट्टी धरून फोटो घ्या, स्मरणिकेत तोच छापा.

कार्बनजोडी:
आणे आणि चौथरा एकत्र धरले तर १९५७ आधीची आणि बहुधा विजेच्याही आधीची. गावात वीज कधी आली ते नगरपालिकेच्या ठरावबुकात मिळेल, त्यावरून मर्क्युरी रेक्टिफायर कधी बसला त्याचाही अंदाज येईल.

फिल्मचा डबा घरात नेऊ नका. व्हिनेगरचा वास येत असेल तर अॅसिटेट, म्हणजे सेफ्टी फिल्म सडतेय, त्याला हवा लागू द्या, बंद डब्यात ते आणखी वेगाने सडतं. तुकडे चिकट झालेत, तपकिरी भुकटी पडतेय आणि वास नाकात झोंबतोय अशी लक्षणं दिसली तर नायट्रेट समजा. काडी लावून तपासायचा उद्योग करू नका. डबा सावलीत, घरापासून लांब ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. काठावर 'सेफ्टी' अशी इंग्रजी अक्षरं असतील तर आगीची भीती नाही. कोडॅकच्या फिल्मवर त्याच ओळीत गोल, चौकोन, त्रिकोण अशा खुणा दिसतील, ती वर्षाची खूण. मात्र दर वीस वर्षांनी तीच परत येते.

दप्तरी:
पाहणीचा अर्ज उद्याच टाका. मालकांकडे परवान्याच्या नूतनीकरणाची पुस्तिका असेल तर तिच्या पहिल्या पानाचा फोटो सोबत जोडा, त्यावरचा फाईल क्रमांक मिळाला की कारकून हातात फाईल आणून देतो.