पाळी गेलेल्या स्त्रीच्या प्रत्येक पॉलिपवर पीटेन आणि पी५३ चाचणी सक्तीची असावी का?

धागालेखिका
गर्भाशयाच्या अस्तरातील पॉलिप, म्हणजे अस्तरातून वाढलेले मांसल कोंब, बहुतांशी साधे असतात. शंभरांतून साधारण तिघींच्याच पॉलिपमध्ये कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था आढळते. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झालेल्यांत हे प्रमाण वाढते. म्हणून पाळी गेलेल्या प्रत्येकीच्या पॉलिपवर पीटेन आणि पी५३ या अर्बुदरोधक (गाठ होण्यास अटकाव करणाऱ्या) प्रथिनांची इम्युनो चाचणी (प्रथिन असेल तिथे पेशी रंगतात, नसेल तिथे कोऱ्या राहतात) सक्तीची असावी, असे माझे ठाम मत आहे. सीरस हा अस्तराचा आक्रमक कर्करोग पुष्कळदा पॉलिपच्या पृष्ठभागावरील पेशींच्या एका पातळ थरात सुरू होतो, आणि खालचा पॉलिप इतका साधा दिसतो की नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर तो थर नजरेतून निसटू शकतो.

प्रतिसाद १ (पॅथॉलॉजिस्ट)
पीटेनबाबत मी पूर्ण असहमत आहे. भोवतालचा स्ट्रोमा (ग्रंथींना आधार देणारी ऊती) तपकिरी रंगलेला आणि मधल्या चार-पाच ग्रंथी तेवढ्या कोऱ्या, म्हणजे पीटेन हरवलेल्या, हे दृश्य मी निरोगी अस्तरातही पाहिले आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर पाळी चालू असलेल्या स्त्रियांच्या निरोगी अस्तराच्या ४३ टक्के नमुन्यांत अशा ग्रंथी सापडल्या, आणि त्यांतून पुढे कर्करोग होतो तो फार थोड्या जणींना. अशा खुणेवर भाकीत कसे करणार?

धागालेखिका
तो आकडा पाळी चालू असलेल्यांचा आहे, माझा प्रस्ताव पाळी गेलेल्यांपुरता. तरीही एकटे पीटेन पुरेसे नाही, हे मान्य करते. पी५३ सोडायला मात्र मी तयार नाही.

प्रतिसाद २ (स्त्रीरोगतज्ज्ञ)
अहवाल घेऊन समोर बसणाऱ्या बाईचाही विचार व्हावा. ‘पीटेन निगेटिव्ह’ (म्हणजे पीटेन आढळले नाही) या दोन शब्दांवर माझ्या एका पेशंटने विचारले, “निगेटिव्ह म्हणजे चांगलंच ना?” आणि शेजारी बसलेली तिची मुलगी त्याच कागदावरून पिशवी काढण्याची तारीख मागत होती. पॉलिप साधा होता. त्यापेक्षा हिस्टेरोस्कोपीने, म्हणजे गर्भाशयात दुर्बीण घालून डोळ्यांनी पाहत, पॉलिप मुळासकट काढण्यावर खर्च व्हावा. नुसत्या क्युरेटिंगमध्ये (न पाहता अस्तर खरवडण्यात) तो अर्धवट राहतो किंवा हातीच लागत नाही.

प्रतिसाद १ (पॅथॉलॉजिस्ट)
पी५३बद्दल एक भेद स्पष्ट करतो. काही केंद्रके गडद, काही फिकी, काही कोरी, असा विस्कळीत रंग हा प्रकृत नमुना होय. जवळपास सगळीच केंद्रके गडद किंवा सगळीच कोरी असतील, तर जनुकात बिघाड असण्याची दाट शक्यता असते. पण संशयास्पद पेशींत तसे दिसले, तर ते आज तिथे असलेल्या रोगाचे निदान ठरते, पुढच्या धोक्याचे भाकीत नव्हे. म्हणून केंद्रकांविषयी शंका आली, तरच ही चाचणी मागवावी.

धागालेखिका
शंका आली तर, हे बरोबर. परंतु दिवसभराच्या ढिगातल्या शेवटच्या ट्रेमधील पॉलिप पाहताना ती शंका येईलच, याची हमी कोणी द्यायची? माझा सारा आग्रह त्या एका स्लाइडसाठी आहे.