अनुभव धागा: गाडी घेतली, आता पोसायची कशी?

मंडळी, गाडी घेताना हप्त्याचं गणित सगळेच मांडतात. नंतरच्या खर्चाची वही मात्र फार थोड्या घरांत असते. आमच्याकडे आहे. ती चाळताना लक्षात आलं, की आपण घसा कोरडा करतो पेट्रोलच्या नावाने आणि कात्री लावायला खरी जागा असते विमा, सर्व्हिसिंग आणि टोलच्या रकान्यांत. तुमचं काय? लिहा.

अट एकच: स्वतः करून पाहिलेलं लिहायचं, व्हॉट्सॲपवरचं नको. ‘पहाटे पेट्रोल भरा, थंड असतं, जास्त येतं’ हे तर नकोच. पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात, पहाट असो की दुपार, आतल्या तापमानात फरक असा पडत नाही. ‘शंभरऐवजी एकशे दहाचं भरा, मापात मारत नाहीत’ याचीही तीच गत. मशीन लिटर मोजतं, त्याला तुमच्या रकमेशी देणंघेणं नाही.

सुरुवात माझ्यापासून. विम्यातल्या थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणाऱ्या भागाचा, दर सरकार ठरवतं. जून २०२२ च्या दरपत्रकात हजार ते पंधराशे सीसीच्या खाजगी गाडीला तो ३,४१६ रुपये, वर जीएसटी. तिथे घासाघीस नाही, जी काय ती ‘ओन डॅमेज’मध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. आणि तिथलं मोठं हत्यार म्हणजे नो क्लेम बोनस. पहिलं वर्ष क्लेमशिवाय गेलं की या हप्त्यात २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५०. एक क्लेम घेतला की सरळ शून्य! सोसायटीच्या पार्किंगमध्ये आमचा बंपर कोणीतरी घासला, तेव्हा गॅरेजवाला लगेच म्हणाला, “इन्शुरन्समध्ये बसवून देतो.” मी आधी गेलेला बोनस किती आणि बंपर रंगवायला किती हे कागदावर मांडलं, आणि खिशातून पैसे दिले. मोठ्या अपघातासाठी क्लेम राखून ठेवायचा, ओरखड्यांसाठी नाही.
(कोथरूड, पुणे)

सासर कोल्हापूर, मुक्काम पिंपरी
माझा विषय टोल. कोल्हापूरला जाताना खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी असे चार नाके, परतीचे धरून आठ. फास्टॅगचा वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हाच घेतला. तेव्हा ३,००० रुपयांत वर्षभर किंवा दोनशे फेऱ्या, जे आधी संपेल ते. इथे ‘फेरी’ म्हणजे पुणे-कोल्हापूर नव्हे, एक नाका ओलांडला की एक फेरी. तरी नाक्यामागे १५ रुपये पडले, म्हणजे जाऊन-येऊन १२०. आमचं दर महिन्याला जाणं असतं, त्यामुळे पैसे केव्हाच वसूल.
पण हा पास राष्ट्रीय महामार्गांचा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धी राज्याच्या अखत्यारीत, तिथे नेहमीसारखेच पैसे कापले जातात. म्हणून टॅगमध्ये शिल्लक ठेवा. राष्ट्रीय महामार्गांवरही नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आला, की टॅग चालला नाही तर रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट भरायचे.

ठाण्याहून
आमचा टोल सरकारनेच वाचवला! ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना माफी आहे. वाचलेले पैसे घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये पेट्रोल म्हणून जळतात, ते सोडा.

नाशिककर ताई
सर्व्हिस सेंटरवर सविस्तर लिहायचं होतंच. गाडी आत घेताना तो मुलगा टॅबवर एकेक टिकमार्क करत जातो: इंजिन डिकार्बनायझिंग, थ्रॉटल क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग, इंटीरियर एन्रिचमेंट (म्हणजे काय, ते त्यालाही सांगता आलं नाही). आपण घाईत असतो, सही करून मोकळे होतो. मी ओनर्स मॅन्युअलमधलं देखभालीचं पान फोनमध्ये फोटो काढून ठेवलंय. किती किलोमीटरला काय बदलायचं ते कंपनीनेच छापलेलं असतं. त्या पानावर आहे ते करा, नाही ते खोडा, आणि जॉब कार्डवर लिहून घ्या, ‘विचारल्याशिवाय जादा काम नको’. वाद घालावा लागत नाही, पान दाखवलं की पुरतं.
एसीचा केबिन फिल्टर मी घरीच बदलते. बहुतेक गाड्यांत तो ग्लव्हबॉक्सच्या मागे असतो. कप्पा काढायचा, जुना ओढायचा, बाणाची दिशा बघून नवा सरकवायचा. माझ्या बाराव्या इयत्तेतल्या मुलीने केलंय. वायपरच्या रबरांचंही तेच.
मात्र ऑइल, ब्रेक आणि टायर यांत काटकसर करू नका. स्वस्तातले ब्रेक पॅड म्हणजे नको तिथे केलेली बचत.

सावंतवाडी
गोव्यात पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त, त्यामुळे बांद्याकडची माणसं पत्रादेवी ओलांडून टाकी फुल्ल करून येतात. कामानिमित्त म्हापसा-पणजी होत असेल तर जरूर भरा. मुद्दाम जाऊ नका, जाण्यायेण्यातच फायदा जळतो. आमच्याकडचा खरा खर्च उंदरांचा. पावसाळ्यात गाडी दोन दिवस उभी राहिली की बॉनेटखाली संसार थाटतात आणि वायरिंग कुरतडतात. तंबाखूची पानं, डांबरगोळ्या, सगळे उपाय ऐकलेत. मला गुण आला तो एकाच गोष्टीचा: रात्री बॉनेट उघडं ठेवायचं. आडोसा गेला की उंदीर तिथे थांबत नाही.

डिझेलवाला, छत्रपती संभाजीनगर
घर ते वाळूज एमआयडीसी, बाकी गावात. एवढ्यासाठी बीएस सहा (प्रदूषणाच्या नव्या नियमांची) डिझेल गाडी घेऊ पाहणाऱ्यांनी थांबा. या गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ असतो. साठलेली काजळी जाळायला इंजिन बराच वेळ तापलेलं आणि गाडी बऱ्यापैकी वेगात लागते. सिग्नल ते सिग्नल चालवून ते होत नाही, मग डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागतो. मी आता रविवारी नगर रस्त्याला एक लांब चक्कर मारून येतो. बायको म्हणते, गाडीला फिरायला नेतात, मला नाही. डीपीएफ बदलायचा आकडा ऐकला तर तुम्हीही न्याल.

हडपसर
मग सीएनजी घ्या की! खर्च निम्म्यावर येतो म्हणतात, माझा निम्म्यावर नाही पण बराच खाली आला. रांगेतला वेळ धरायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मी रात्री जेवण झाल्यावर भरतो. सिलेंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखाली तपासणी) दर तीन वर्षांनी करावी लागते, तो खर्च गाडी घेताना कोणी सांगत नाही. आणि डिकी गेली असं समजा. गणपतीला कोकणात चार माणसं आणि सामान न्यायचं असेल तर कॅरिअर, कॅरिअर लावला की वाऱ्याचा विरोध, विरोध आला की मायलेज कमी. जे वर्षाला फार थोडं फिरतात त्यांच्या सीएनजी किटचे पैसेच निघत नाहीत.

कल्याण
टायरमध्ये नायट्रोजन भरायला पैसे देणाऱ्यांना एक आठवण: साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि पंपावर ती हवा फुकट मिळते. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर हवेच्या दाबाचा आकडा असतो, तेवढी भरा, टायर थंड असताना.

दादर, निवृत्त
आमची गाडी आठवड्यातून एकदा हलते. २०२२ पासून किलोमीटरप्रमाणे ओन डॅमेजचा हप्ता ठरवणाऱ्या पॉलिसी मिळतात, ती घेतली. सूट बरी मिळते. आता गाडी विकून टॅक्सीनेच जावं असा विचार आहे. धागाकर्त्यांना विचारायचं होतं, पन्नास टक्के बोनस जमलाय, तो गाडीबरोबर गेला का?

धागाकर्ता
नाही काका, बोनस तुमचा, गाडीचा नाही. विकल्यावर विमा कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचं पत्र मागा. ते तीन वर्षं चालतं, तेवढ्यात दुसरी गाडी घेतलीत तर तिच्या ओन डॅमेजवर लावता येतो. फक्त विकेपर्यंत पॉलिसी चालू ठेवा. संपून ९० दिवस उलटले तर बोनस बुडतो.