गोल्डबर्ग व्हेरिएशन्स पियानोवर: हात एकमेकांत अडकतात

प्रश्न: जर्मन संगीतकार बाखच्या १७४१ च्या सुमारास छापल्या गेलेल्या या रचनेतील आठवे व्हेरिएशन (मूळ तुकड्याचे बदललेले रूप) मी बसवत आहे, ते दोन कीबोर्डांच्या हार्प्सिकॉर्डसाठी (तारा छेडून वाजणारे जुने कीबोर्ड वाद्य) लिहिलेले असल्याने पियानोवर दोन्ही हात एकाच पट्टीवर येऊन अडखळतात. काय करावे?

उत्तर: कोणता हात वर राहील, हे प्रत्येक ठिकाणी ठरवून पेन्सिलीने लिहून ठेवा आणि खालच्या हाताचे मनगट सपाट ठेवा.

उत्तर: त्याआधी आरियाची, म्हणजे सुरुवातीच्या मूळ तुकड्याची, ३२ मापांची (बारची) खर्जाची ओळ एकट्या डाव्या हाताने वाजवा, कारण तीसही व्हेरिएशन्स वरच्या सुरावटीवर नव्हे, तर या खर्जावर उभी आहेत. बाखच्या स्वतःच्या छापील प्रतीत तिच्या पहिल्या आठ स्वरांवर रचलेले १४ कॅनन (एकच सुरावट एकामागून एक सुरू होऊन एकमेकींत गुंफली जाते असे तुकडे) हस्तलिखित सापडले; ते वाचल्यावरच मला ही रचना उमगू लागली.

प्रश्नकर्ता: आभारी आहे, आजपासून खर्जच घेतो.